डावा पाय पुढे!

आधी चहा घ्या. निवांत घ्या. कारण मी हे सांगायला लागलो की तुम्ही हसणार, आणि हसता हसता चहा नाकात गेला तर ती जबाबदारी माझी नाही. मी एकदाच एक जबाबदारी घेतली होती. तिनं माझी जी दशा केली, तेच सांगायचंय.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूत एका शाळेत पी.टी.चा मास्तर. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, आणि आवाज असा की मी 'सावधान!' म्हटलं की रस्त्यावरची म्हैस पण रवंथ थांबवते. खोटं वाटतंय? या एकदा बघायला. तर अशा माणसानं, ज्यानं जन्मात वरातीत हात वर करण्यापलीकडं नाच केला नाही, त्यानं आख्ख्या भावकीला साल्सा शिकवला. हो, साल्साच. क्यूबावाला.

झालं काय, माझ्या भाचीचं, पल्लवीचं लग्न ठरलं. ताईची एकुलती एक लेक. मुलगा पुण्याचा, अनिकेत नाव. पोरगा गुणी, माणसं चांगली, पण त्या घराला एक नाद. आई-बाप, काका-काकू, झाडून सगळे क्लास लावून साल्सा शिकलेले! हळदीच्या संध्याकाळी आधी आमच्या जोड्या नाचतील, मग तुमच्या जोड्या नाचतील, असं त्यांनी परस्पर ठरवून पण टाकलं.

पल्लवी माझ्याकडं आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"मामा, ते लोक नाचतील आन् आपले लोक खुर्चीवर बसून रुमालानं वारं घेतील. मला जन्मभर त्या घरात राहायचंय. पहिल्याच दिवशी आपलं हसं झालं तर?"

"कोण हसतंय बघतो मी!"

"मग तुम्ही शिकवाल सगळ्यांना?"

आता तुम्हीच सांगा, भाचीच्या डोळ्यात पाणी असताना कोणता मामा नाही म्हणेल? लग्नात मुलीच्या पाठीशी उभं राहायचं, हेच तर मामाचं काम. मी थोडा आधीपासून उभा राहिलो, एवढंच.

"शिकवतो," मी म्हणालो. "माझी जबाबदारी."

पण मध्ये होते दाजी. दाजी म्हणजे पल्लवीचे वडील, तिचे आण्णा, माझ्या ताईचे यजमान, रिटायर हेडमास्तर. घरात पंखा लावायचा तरी त्यांच्या तोंडाकडं बघून लावतात.

"नाच?" दाजी म्हणाले. "आपल्या घरच्या बाया चार लोकांत नाचणार?"

"दाजी, आपापल्या नवऱ्यासोबत."

"म्हणजे तर लयच अवघड!"

मग ताईनं आतून भांडं जरा जोरात ठेवलं, तेव्हा कुठं ते वळले.

"ठीक आहे. पण प्रॅक्टिस वेगवेगळी. गडी एकीकडं, बाया एकीकडं. आन् घरी कुणी जोडीनं करून बघायचं न्हाई. घरात म्हातारे असतेत, लेकरं असतेत, बरं दिसत न्हाई ते. काय गळाभेट घ्यायची ती कार्यक्रमातच. शब्द द्या."

मी शब्द दिला. अगदी हातावर हात मारून दिला. इथंच घात झाला, पण मला तेव्हा कुठं कळतंय?

आता शिकवायचं म्हणजे आधी आपल्याला यायला पाहिजे. मी मोबाइलवर एक व्हिडिओ काढला. त्यातला मास्तर इंग्रजीत बोलतोय की स्पॅनिशमध्ये, ते काही कळेना. पण पाय कळत होते. डावा पाय पुढं टाकायचा, वजन परत उजव्यावर घ्यायचं, डावा जागेवर आणायचा, आणि क्षणभर थांबायचं. मग उजवा पाय मागं, वजन डाव्यावर, उजवा जागेवर, आणि परत थांबायचं. पावलं लहान. गुडघे सैल. कंबर हलवायची नाही, ती आपोआप हलते म्हणे. माझी काही हलली नाही.

बाकी मला तर हे बघून आनंदच झाला! डावा पाय पुढं? अहो, वीस-बावीस वर्षं मी दुसरं काय शिकवलंय? परेड काय, कवायत काय, सगळं डाव्या पायानंच सुरू होतं. मला वाटलं, हा क्यूबावाला आपल्यातलाच दिसतोय.

व्हिडिओचा उरलेला अर्धा भाग बाईच्या पायांसाठी होता. तो मी बघितला नाही. म्हटलं, त्यात वेगळं काय असणार? शाळेच्या रांगेत मुलं असतात, मुली असतात, मी कधी मुलींना वेगळा पाय सांगितला का? शिस्त सगळ्यांना सारखी. आलं लक्षात पुढं काय होणार ते? तुमच्या आलं. माझ्या नाही आलं.

बायांना शिकवायला मी माझ्या बायकोला, सुनंदाला तयार केलं. खोलीत कपाटावर मोबाइल, त्याच्यासमोर मी, आणि माझ्या पाठीमागं सुनंदा. दाजींना शब्द दिलेला, त्यामुळं समोरासमोर उभं राहायचा प्रश्नच नाही. एकदा ती म्हणाली पण.

"अहो, त्या मास्तरासमोरची बाई तर मागं जायलीय."

"ती चुकत असेल," मी म्हणालो.

"व्हिडिओतली?"

"सुनंदा, पी.टी.चा मास्तर कोण आहे?"

ती गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याचे बरेच प्रकार आहेत, त्यातला हा कोणता होता, ते मला नंतर समजलं.

दिवस उन्हाळ्याचे. कापसाचा हंगाम संपलेला, त्यामुळं गावाबाहेरच्या एका जिनिंगचं आवार रिकामं होतं. गड्यांची प्रॅक्टिस तिथं, सकाळी उन्हाच्या आधी. बायांची दाजींच्या गच्चीवर. पहिल्या दिवशी मी सगळ्या गड्यांना रांगेत बसवलं आणि आधी इतिहास सांगितला. नाचाला मान मिळायला पाहिजे ना!

"मंडळी, साल्साचं मूळ क्यूबात. तिथं ऊस लय. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं त्या उसात राबायची. त्यांचे ढोल, आणि वरून स्पेनवाल्यांची गिटार, ह्याची सरमिसळ झाली. ते पुढं न्यूयॉर्कला गेलं, आणि तिथं त्याला साल्सा हे नाव चिकटलं. साल्सा म्हणजे त्यांच्याकडची चटणी."

पोखर्णीहून आलेले बाबुरावकाका, म्हणजे दाजींचे चुलतभाऊ, इतका वेळ डुलकी घेत होते. ऊस म्हटल्यावर जागे झाले.

"तिथं मुकादम कोण हाय?"

"काका, लय जुनी गोष्ट आहे ही."

"आसू द्या. पर दिवसभर ऊस तोडल्यावर नाचायला ताकद कुठून यायची त्यांना? आमच्याकडली टोळी सांच्याला कोपीवर, आपल्या झोपडीवर, आली की भाकर खाती आन् आडवी होती."

खरं सांगू? मी शिट्टी वाजवली. पी.टी.च्या मास्तराला उत्तर आलं नाही की तो शिट्टी वाजवतो.

"उभे राहा! अंतर घ्या! डावा हात वर, उजवा हात समोरच्याच्या पाठीवर!"

"समोर कोन हाय?" काकांनी विचारलं.

"काकू आहे असं समजा."

"आसं कसं समजू? ती आसती तर बोलली आसती."

तरी समजले बिचारे. मग सगळी भावकी हवेला मिठी मारून एका रांगेत उभी राहिली. एक हात वर, एक हात पुढं गोल. डोळे सरळ. मी म्हणालो, "डावा पाय पुढं!" आणि जिनिंगच्या आवारात धाडकन एक आवाज झाला. अहाहा! मला तर भरून आलं. रस्त्यानं जाणाऱ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं गाडी थांबवली.

"सर, काय झालंय ह्यान्ला?"

"साल्सा."

"घरच्यान्ला म्हाईत हाय का?"

गावात असं काही चालू झालं की ते आपल्यापुरतं राहतं का? दुसऱ्या दिवशी शेजारचे आले. तिसऱ्या दिवशी पिंगळीचे पाहुणे रेल्वेनं आले, ते स्टेशनवरून थेट जिनिंगवर. पोखर्णीहून तर एक जीपच भरून यायला लागली. दाजी एकदा हात मागं बांधून 'नुसतं बघायला' आले. दुसऱ्या दिवशी शेवटच्या रांगेत उभे राहिले. तिसऱ्या दिवशी पायात कॅनव्हासचे बूट होते, आणि शेजारच्याला सांगत होते, "पाय जागेवर आणा, जागेवर!"

मी एक नियम घालून दिला होता. शिट्टी वाजली की परत पहिल्यापासून, आणि आधीपेक्षा जोरात. फार उपयोगी नियम. त्याचं पुढं काय झालं ते येतंच आता.

तिकडं गच्चीवरून पण रोज बातम्या यायच्या. सुनंदा सांगायची, "तुमच्यापेक्षा आमच्या बायांचा पाय एकसारखा पडायलाय." मी म्हणायचो, कमाल आहे! कमालच होती. सगळे गडी डाव्या पायानं पुढं, सगळ्या बाया डाव्या पायानं पुढं. एकमेकांना बघितलेलं कुणी नाही.

हळदीची संध्याकाळ उजाडली, म्हणजे मावळली म्हणा. मंगल कार्यालयाचं मोठं अंगण, लायटिंग, हळदीनं पिवळी झालेली पल्लवी अनिकेतशेजारी बसलेली. आधी पुण्याच्या जोड्या उतरल्या. काय सुंदर नाचले हो! पाण्यावर तरंगल्यासारखे. पण माझ्या एक लक्षात आलं की त्यांच्यात गडी पुढं आला की बाई मागं जात होती. मला वाटलं, पुण्याच्या असल्या तरी लाजतायत बाया.

मग आमची पाळी. गडी एका बाजूनं आले, बाया दुसऱ्या बाजूनं आल्या. शिस्तीत. आपापली जोडी बघून समोरासमोर उभे राहिले, अगदी हातभर अंतरावर. उजवा हात समोरच्याच्या पाठीवर. दोघांचाही! डावा हात वर. दोघांचाही! एवढे डावे हात वर बघून कुणालाही वाटलं असतं की मास्तर हजेरी घेतोय. पण गाणं सुरू झालं होतं. मी सुनंदासमोर उभा राहिलो, डोक्यावरची टोपी सरळ केली, शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली.

डावा पाय पुढं!

काय सांगू तुम्हाला! आख्खी भावकी एका क्षणी एकमेकांवर आदळली. पोटावर पोट, कपाळावर कपाळ. बाबुरावकाकांचं कपाळ काकूंच्या कपाळाला असं बसलं की ढोलवाल्यानं सुद्धा वळून बघितलं. दाजींचा चष्मा ताईच्या गजऱ्यात अडकला. सुनंदाचं डोकं माझ्या हनुवटीवर आलं आणि शिट्टी गिळता गिळता वाचली.

मग ठरल्याप्रमाणं सगळे मागं सरले. हात ताणले गेले, कुणाचा पदर, कुणाचा सदरा ताणला गेला. आणि परत डावा पाय पुढं. धाड! मागं. धाड! थांबेल कोण? मीच शिकवलं होतं की काहीही झालं तरी पाय थांबला नाही पाहिजे.

"अहो, मी म्हणलं होतं की न्हाई, बाई मागं जायलीय म्हणून!" सुनंदा आदळता आदळता म्हणाली.

"आता काय करू?"

"थांबवा की!"

मी थांबवायला शिट्टी वाजवली. आणि शिट्टी म्हणजे काय? परत पहिल्यापासून, आधीपेक्षा जोरात! आमचे लोक इमानदार हो. असे आदळले की मांडवाच्या कनाती हलल्या. मी घाबरून अजून एक वाजवली. ते अजून जोरात. बाबुरावकाका ओरडून विचारायला लागले, "सर, आजून किती जोरात? हिचा दात हलायलाय!"

शेवटी गाणंच संपलं, तेव्हा सगळे दमून उभे राहिले. पुण्याकडच्या बाजूला एक माणूस हलेना. मी पल्लवीकडं बघितलं. तिनं खालचा ओठ दाताखाली धरला होता, आणि तिची नजर माझ्यावर होती. खरं सांगतो, त्या क्षणी जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. ज्या पोरीला शब्द दिला होता, तिचंच हसं मी माझ्या हातानं, बँडबाजासकट करून ठेवलं होतं.

तेवढ्यात अनिकेतची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, माइक घेऊन उठल्या.

"मामा, हे आम्ही कधीच पाहिलं नव्हतं! ही कोणती पद्धत?"

दाजी माझ्याकडं बघत होते. भावकी माझ्याकडं बघत होती. मी माइक घेतला आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते देवाला माहीत कुठून आलं.

"ही आमच्या परभणी जिल्ह्याची पद्धत आहे! लग्नात व्याही व्याह्याला उराउरी भेटतो की नाही? ती व्याहीभेट आम्ही साल्सात घातली. पुढं यायचं, उराउरी भेटायचं. मागं सरायचं, पाहुण्याला जागा द्यायची. परत भेटायचं. आमच्याकडं एका भेटीत कुणाचं समाधान होत नाही."

"आणि तो वर केलेला हात?"

"तो... तो बाकीच्या पाहुण्यांना या या म्हणायला."

आणि मग टाळ्या! अहो, टाळ्या थांबेनात. अनिकेतचे वडील तर डोळे पुसत उठले. "किती सुंदर कल्पना! आम्हालाही शिकवा," असं म्हणत ते थेट दाजींसमोर येऊन उभे राहिले.

मला वाटलं, आता संपलं. दाजी आता सगळं सांगणार. पण दाजींनी गजऱ्यातून चष्मा सोडवला, डोळ्यावर लावला, उजवा हात व्याह्यांच्या पाठीवर ठेवला, डावा वर केला आणि हेडमास्तरच्या आवाजात म्हणाले, "डावा पाय पुढं टाका. लाजू नका."

मग काय विचारता! पुण्याचे लोक उतरले. क्लास लावून शिकलेले, पायात खास बूट घातलेले लोक, आणि आमच्या भावकीवर आदळायला लागले! विहीणबाई ताईवर. काका काकांवर. पल्लवी आणि अनिकेत तर असे आदळत होते की हळद एकमेकांच्या नाकाला लागली, आणि पोरगी खदाखदा हसत होती. तिला तसं हसताना बघून माझ्या जिवात जीव आला.

आता माझ्या डोक्यात एक विचार आला. तो आला नसता तर बरं झालं असतं. मला वाटलं, ह्या सगळ्यांना आपण चुकीचं शिकवलं, निदान आपण तरी बरोबर करावं. म्हणून सुनंदा पुढं आली की मी मागं जायला लागलो, व्हिडिओतल्या त्या बाईसारखा. आणि काय सांगू, जमलं! ती पुढं, मी मागं. ती मागं, मी पुढं. धक्का नाही, आवाज नाही. कंबर सुद्धा आपोआप हलली! फक्त सुनंदाची पावलं मोठी, त्यामुळं माझी टोपी वाटेत पडली आणि ती मला सरकवत सरकवत जेवणाच्या टेबलापर्यंत घेऊन गेली.

"मागं कुठं पळायलाव?" ती ओरडली. "लोक बघायलेत!"

"हाच खरा साल्सा आहे!"

"गप पुढं या आन् आदळा सगळ्यांसारखं!"

पण मी ऐकलं नाही. आख्ख्या मांडवात खरा साल्सा त्या संध्याकाळी एकच माणूस करत होता, आणि तो पण बाईचा.

लग्न झोकात झालं. निघताना विहीणबाईंनी दाजींचे हात हातात घेतले. मी शेजारीच उभा होतो, टोपी नसल्यानं त्यांनी मला ओळखलं नाही.

"तुमच्याकडचा एकूण एक माणूस किती शिस्तीत नाचला हो! फक्त एक गृहस्थ होते, बायको पुढं आली की घाबरून मागं पळत होते. शेवटी जिलेबीच्या परातीला टेकले."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी सांगतील, की बाई, हेच आमचे गुरुजी.

"असतं एखादं," दाजी म्हणाले. "प्रत्येक घरात असतं."

हे पण मी गिळलं. म्हटलं, भाची सुखात आहे, आपलं काय? चार दिवसांनी पल्लवीचा पुण्याहून फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"मामा, पूजेला सगळे या हं! इथल्या सगळ्या नातेवाइकांना आपली परभणीची भेट बघायचीय. आण्णा तर जीप भरून माणसं आणायलेत. रोज सकाळी प्रॅक्टिस घेतेत म्हणे जिनिंगवर."

"हो का? मला कुणी बोललं नाही. मी येतो की उद्यापासून!"

मग माझी लाडकी भाची, जिच्यासाठी मी हे सगळं केलं, ती अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "मामा, तुम्ही या वेळी व्हिडिओ काढाल का? सगळे एकसारखे दिसले पाहिजेत त्यात."